धोंडी पॉइंट दाखवायला लागला की…

…तर काल मी तुम्हाला दस्तुरीच्या पुढच्या चढावर उभं करून जेवायला निघून गेलो. रिक्षात तो जाडजूड शेठ, मांडीवर त्याची बॅग, पुढं दांड्याला धोंडी, आणि मागं ढकलायला मी आणि कोंडाणे गावचा एक गडी. माथेरानला मोटारीला बंदी. दस्तुरीला गाडी सोडायची, पुढं एक तर पायी जायचं, नाहीतर घोड्यावर, नाहीतर आमच्या हातरिक्षात. लाल मातीची वाट आणि पावसानं धुऊन वर आलेले दगड. चाक एका दगडाला अडलं तसा शेठ म्हणाला, "जड होतंय का रे? उतरू का मी?"

"छ्या! तुमी म्हंजे फूल हाव शेठ," धोंडी म्हणाला. "ह्यो बघा उजव्या हाताला प्रबळगड. आन त्या तिकडं एक पॉइंट हाय, तिथं हाक मारली का डोंगर वळून हाक मारतो."

शेठ बघतोय उजवीकडं आणि आम्ही मागून बघतोय धोंडीच्या पोटऱ्या, दोरखंडासारख्या ताणलेल्या. कोंडाण्याचा गडी माझ्या कानाशी आला. "अप्पा, लाव जोर. धोंडी पॉइंट दाखवाय लागला."

ही आमची खूण. सपाटीला धोंडी मुका. विडी मागायची तरी बोटानं मागायचा. चढ लागला, खांद्यात कळ आली की जीभ सुटली. कण्हायचं नाही हा धंद्याचा नियम होता. आपलं या माणसाला ओझं झालंय असं उतारूच्या मनात आलं की तो बिचारा संकोचानं खाली उतरतो, आणि पुढच्या खेपेला घोडा करतो. म्हणून जिथं जीव जायची वेळ, तिथंच धोंडी एको पॉइंट, शार्लोट तलाव, सगळं दाखवून घ्यायचा. मी दोनच हंगाम रिक्षा ढकलली आणि परत शेतीला लागलो. धोंडीनं उभा जन्म त्याच दांड्यात काढला.

हे सगळं सांगायचं कारण आमची माधवी. माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. ही गोष्ट तिनं लहानपणी इतक्यांदा ऐकली की मी नुसतं "तर दस्तुरीच्या" म्हटलं की ती "फूल हाव शेठ!" म्हणून ओरडायची आणि अंगणात पळायची. गावच्या शाळेत शिकली, मग कर्जतला बारावी सायन्स केलं. डॉक्टरकीला मार्क थोडे कमी पडले म्हणून फिजिओथेरपीला गेली. चौकच्या पुढं हायवेलगत कॉलेज आहे. चार वर्षं शिकायचं, मग सहा महिने तिथल्याच दवाखान्यात उमेदवारी. औषध नाही, सुई नाही. आखडलेलं, लुळं पडलेलं अंग व्यायामानं आणि हातानं पुन्हा चालतं करायचं. हे मी आता मोठ्या रुबाबात सांगतो. पहिल्या वर्षी मला ते नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं.

आणि गावात तर विचारू नका. धोंडीची बायको गोदूबाई आमच्या ओटीवर बसून म्हणाली होती, "चार वरसं शिकून पाय चेपायचं? आगं माधे, त्ये तर मी लगीन झाल्यापास्नं सासूचे चेपत व्हत्ये. मला कुनी डिगरी दिली नाय ती!"

माधवी हसली. "गोदूकाकी, तुमी चेपायच्या तिथं दुखायचं थांबायचं का?"

"थांबतंय कशाला! सासू गेली, पर दुखनं नाय थांबलं."

घरी अभ्यासाला माणूस लागतो. ते माणूस म्हणजे मी. ओटीवर पालथा पडायचो आणि ती स्केचपेननं पाठीवर हाडं काढायची, मणके मोजायची, खांद्याचं पातं आखायची. एकदा असाच रंगून पडलो आणि तसाच उठून शेजारी सत्यनारायणाच्या पूजेला उघड्या अंगानं बसलो. भटजी मागून म्हणाले, "अप्पा, पाठीवर कुणी सातबारा उतरवलाय?" सगळी बायाबापडी तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, हसा. नातीचा अभ्यास अंगावर घेऊन फिरणारा पंचक्रोशीत मी एकटा.

पण शेवटच्या वर्षाला तिच्या तोंडचं हसू गेलं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत ती नापास झाली. येत सगळं होतं. पेशंट तपासला, बरोबर सांगितलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं नुसतं "असं तुला का वाटतं?" म्हणून विचारलं. एवढ्यावर पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं ते निघालंच नाही. बरोबरीच्या मुली उमेदवारीला लागल्या, त्यांनी पांढरे कोट घातले, आणि ही घरात पुस्तक उघडं टाकून भिंतीकडं बघत बसायची. आईला तिनं सांगितलं होतं, "आता एकदाच देते. गेली तर रसायनीला एखाद्या कंपनीच्या ऑफिसात लागेन. परत त्या खोलीत पाय ठेवायची नाही." आईनं मला सांगितलं आणि आमच्या घरात जेवताना बोलणं बंद झालं. माझंसुद्धा. यावरून काय ते समजा.

आता धोंडीकडं येतो. रिक्षा सुटल्यावर तो पाहुण्यांच्या बॅगा वाहू लागला, डोक्यावर एक आणि खांद्यावर एक. उजवा खांदा धरला. कुणाला सांगेल तर धोंडी कसला! पण तो सदरा घालताना आधी उजवा हात डाव्यानं धरून हळूच बाहीत सोडतो आणि मग डावा, हे माधवीनं आमच्या अंगणात बघितलं आणि त्याला चौकच्या दवाखान्यात धाडला. तिथं उमेदवारीतली दुसरीच एक मुलगी त्याला व्यायाम द्यायची. तो आठवड्याला जायचा. कामाला मात्र सक्त बंदी होती. म्हणून धोंडी खाटेवर बसून कावलेला.

आणि कॉलेजातून निरोप आला, फेरपरीक्षा आहे, नेहमीच्या पेशंटांनी यावं. कुठल्या मुलीला कुठला पेशंट, ते तिथं चिठ्ठ्या टाकून ठरणार. धोंडी म्हणाला, "अप्पा येत असतील तर म्या येतो." तसा मीही निघालो. नातीची परीक्षा आणि मी घरात बसणार होतो होय!

एस्टीच्या थांब्यावर गोदूबाई भाकरीचं फडकं घेऊन आली आणि तिथंच नवऱ्याला तंबी दिली. "नीट ऐका. आपल्या माधीची परीक्षा हाय. चुकून तुमी तिच्या वाट्याला आलाव आन तिनं हात लावल्यावर 'आई गं' केलंत, तर साहेब म्हनंल हिच्या हाताला गुन नाय. पोरगी जाईल. कायबी झालं तरी तोंड वाकडं करायचं नाय."

"नाय करनार," धोंडी म्हणाला.

खरं सांगतो, मलाही ते रास्त वाटलं. आमच्याकडं औषधापेक्षा हाताचा गुण मोठा. झाडपाला तोच, पण एकीच्या हातचा लागू पडतो आणि दुसरीच्या हातचा नाही. ज्याच्या हाताखाली माणूस कण्हतो तो कसला वैद्य? साहेबाला वेगळंच काही बघायचं असतं, हे आम्हा तिघांपैकी कुणाला ठाऊक!

कॉलेजात माधवी दिसली. अंगावर कडक पांढरा कोट, पण ओठ त्याच रंगाचे. आमच्याकडं बघून नुसती मान हलवली. चिठ्ठ्या टाकल्या. तिनं उचललेली उघडली आणि तिची नजर थेट धोंडीवर आली. मला वाटलं देव पावला. ती मात्र परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, मी यांना ओळखते. आमच्या गावचे आहेत."

परीक्षक पुण्याकडचे होते. बारीक अंगाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. "तू उपचार केलेत का त्यांच्यावर?"

"नाही सर."

"मग तपास. ओळख बाहेर ठेव."

धोंडीनं माझा हात सोडला नाही, म्हणून मला आत घेतलं. तिला शिकवणाऱ्या तेजश्री मॅडम तिथं होत्या. त्यांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, एक शब्द नाही. तुमच्या तोंडून काही आलं तर ते तिला भोवेल." मी टॉवेलचं टोक दातात धरलं. माझ्यासारख्याला ही केवढी शिक्षा, ते तुम्हाला सांगायला नको.

"काका, काय त्रास होतो तुम्हाला?" माधवीनं विचारलं.

"कसला तरास डाक्तरीणबाई?" एरवी माधे म्हणणारा धोंडी एकदम अदबीनं बोलला. "काय बी नाय. येकदम बरा हाय."

"कुठं दुखतं?"

"कुटंच नाय. तुमच्या दवाखान्यात पाय ठेवला आन दुखनं पळालं."

परीक्षकांनी समोरची फाइल बोटानं टोकरली. "उजवा खांदा लिहिलाय इथं."

"हुता साहेब. आता नाय. ह्यो बघा!" आणि धोंडीनं उजवा हात असा झटक्यात आभाळाला भिडवला की वरून पंखा लागतो की काय असं वाटलं. तोंड कसं, तर इस्त्री केलेलं. एक सुरकुती हलली नाही.

माधवीनं त्याच्या खांद्यावर बोटं ठेवून दाबलं. "इथं?" "नाय." "इथं?" "नाय वो." "आणि इथं?" "गुदगुल्या व्हतात." पलीकडच्या खाटेपाशी परीक्षेला उभी असलेली मुलगी फिसकन हसली. परीक्षक काहीतरी लिहीत होते. माधवीच्या कानाची पाळी लाल झालेली मला कोपऱ्यातून दिसत होती.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पेशंट बरा झालाय. दुखत नाही, हात वर जातो. मग सोडून देऊ या त्याला? उद्यापासून कामाला जाऊ दे? बोल."

धोंडीचे डोळे चमकले. कामाला! नात 'हो सर' म्हणाली तर सगळं सुखानं उरकणार, पेशंट खूश आणि साहेबांचंही काम झालं. आणि उद्या धोंडी त्या खांद्यावर कुणाची तरी पेटी घेऊन चढणार. 'नाही' म्हणाली तर साहेब विचारणार, का? आणि त्या 'का'पाशीच मागच्या खेपेला तिची गाडी अडली होती.

ती धोंडीच्या उजव्या खांद्याकडं बघत राहिली. पंखा फिरत होता. तेजश्री मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. माणूस बुडताना बघवत नाही ना, तसं. मी टॉवेल एवढा चावला की धागे तोंडात आले. पोरी, बोल. काहीतरी बोल.

"नाही सर," ती म्हणाली. आवाज फाटका, पण निघाला. "मला परत बघायचंय. हळू."

तिनं कोन मोजायची पट्टी घेतली. शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब पाय फुटावेत तशी असते. धोंडीच्या खांद्याशी धरली. "काका, झटका नाही द्यायचा. हात बाजूनं उचला. मी सांगेन तितक्या सावकाश."

हात निघाला. मांडीपासून सुटला, कमरेच्या वर आला. धोंडी मुका. आणखी वर आला, खांद्याच्या थोडा खाली.

"ह्यो बघा साहेब," धोंडी एकदम म्हणाला, "खिडकीतनं त्यो डोंगर दिसतो ना, त्यो प्रबळगड. त्याच्या पल्याड आमचं माथेरान. येकदा या. येको पॉइंटला हाक मारली का—"

"काका, ती मोजतेय," परीक्षक म्हणाले. "जरा गप्प बसा."

"नको सर," माधवी म्हणाली. "बोलू दे त्यांना."

तिचा आवाज बदलला होता. मी ताठ झालो. हात वर चाललाच होता, खांद्याच्या वर गेला, थोडा आणखी वर, आणि धोंडी वाक्याच्या मध्यावर बंद पडला; पुढं कानापर्यंत हात मुकाट गेला. एकदम सपाटी.

"आता तसाच खाली आणा. हळू."

हात उतरला आणि त्याच जागी आल्यावर शार्लोट तलाव सुरू झाला. खांद्याच्या खाली गेल्यावर तलाव आटला. लाव जोर, पोरी. लाव जोर. हे सगळं मनात बरं का, तोंडात टॉवेल.

"सर," ती म्हणाली, "सत्तरच्या पुढं बोलणं सुरू झालं, एकशेवीसला थांबलं. उतरतानाही तेच."

"बोलका माणूस असेल."

"डावा हात बघा, सर."

डावा हात मांडीपासून कानापर्यंत गेला आणि परत आला. धोंडीनं चकार शब्द काढला नाही.

परीक्षक खुर्चीत पुढं सरकले. "परत उजवा. आणि काका, या वेळी अजिबात बोलायचं नाही. बघू."

धोंडीनं माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघू? हात उचलला. त्या जागी आला तसे त्याचे ओठ मिटले, श्वास कोंडला, आणि खाली फरशीवर त्याच्या अनवाणी पायांची बोटं आवळली. दस्तुरीच्या दगडावर आवळायची तशी. साहेबांचं लक्ष पट्टीवर होतं. ते मीच बघितलं असं मला त्या वेळी वाटलं.

"हं," परीक्षक म्हणाले. "पण तोंडानं तो 'दुखत नाही'च म्हणतोय. पेशंटचं म्हणणं तू खोडून काढणार?"

माधवी धोंडीसमोर खाली बसली. उकिडवी, आपल्या अंगणात बसावं तशी. आणि त्या कडक कोटात ती आपल्या बोलीत बोलली. "धोंडीकाका, चढ संपला. बाजार आला. शेठ उतरला खाली. आता ठेवा दांडा."

धोंडी तिच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ठेवू?"

"ठेवा."

"पर तुजा नंबर जाईल ना गं. गोदूनं बजावलंय. 'आई गं' केलं तर तुज्या हाताला गुन नाय म्हनतील."

"तुमी खोटं बोललात तर जाईल. खरं बोललात तर नाय जानार."

"देवाशप्पत?"

"देवाशप्पत."

आणि धोंडीनं असा एक "आई गंऽऽ" सोडला की तेजश्री मॅडम दचकल्या. कितीतरी हंगामांचा साठलेला असावा. "हितं," तो म्हणाला, आणि डाव्या हाताचं बोट खांद्याच्या टोकावर ठेवलं. "हितं सुरी फिरल्यागत व्हतं. वर गेला का बरं वाटतं. रातचं त्या कुशीवर निजवत नाय. बायकूलाबी ठावं नाय ह्ये."

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "दांडा, शेठ, हे काय प्रकरण?"

मग माधवीनं सांगितलं. दस्तुरी, चढ, धोंडीचे पॉइंट, सगळं. माझीच गोष्ट, पण मला लागतो त्याच्या पाव वेळात. इतक्या थोडक्यात सांगितलेली ती मला अळणी वाटली, पण साहेबांना भावली असावी, कारण त्यांनी हसू दाबायला मिशीवर बोट ठेवलं. मग प्रश्नांची सरबत्ती. आत कुठली दोरी घासली जाते? खांद्याच्या वर ओझं किती दिवस बंद? व्यायाम कुठला, आणि नाही केला तर काय होईल? तिचं कुलूप निघालं ते निघालंच. एकेका प्रश्नाला ती थोडी थांबायची, तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागायचा, आणि मग उत्तर यायचं. कामावर सोडायचं नाही, हे तिनं धोंडीच्या तोंडावर सांगितलं. तो गुरकावला, "ह्येच्यासाठी खरं बोललो व्हय मी?"

ती पास झाली हे तुम्ही ओळखलंच असेल, नाहीतर मी एवढा फुलून सांगत बसलो असतो का? निकालाच्या दिवशी गोदूबाईनं गावभर सांगितलं की आमच्या ह्यांनी पास केली. धोंडी अजून आठवड्याला चौकला जातो, आणि आता त्याला व्यायाम देते ती आमचीच माधवी, पांढऱ्या कोटात. पण पेढ्यांपेक्षा मला गोड लागलं ते त्या खोलीतलं शेवटचं बोलणं. ते मी जसंच्या तसं सांगतो. माझ्या पदरचं काही घालत नाही, म्हणजे बघा.

धोंडी सदरा घालत होता, आधी उजवी बाही. परीक्षकांनी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली. "शेवटचा प्रश्न. हे काका तुझ्या गावचे, त्यांची खोड तुला ठाऊक. उद्या कुणी अनोळखी बाई येईल, कारखान्यातला कामगार येईल. त्याचा चढ कुठला, ते तुझ्या आजोबांनी तुला सांगितलेलं नसेल. आणि तोही 'दुखत नाही' म्हणेल. तेव्हा काय करशील?"

मी पुन्हा टॉवेल धरला. आणि ती म्हणाली:

"तेव्हा मी आधी कुठं दुखतं असं विचारणारच नाही, सर. दिवसभर काम काय करता, आणि ते करताना तुमच्यासमोर कोण असतं, हे विचारीन. मग हात वर करायला सांगीन आणि पायाची बोटं बघीन."